पितृपक्षातली लग्नं

बाई,

तुमच्या शोकसभेत नऊ जण बोलले. तुम्ही असतात तर दुसऱ्यालाच मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं असतंत. ज्यांना तुम्ही भर परिषदेत 'तुमचा निबंध मी वाचला, तुम्ही वाचलाय का?' असं विचारलं होतंत, तेही पहिल्या रांगेत बसले होते. नवाच्या नऊ जणांनी तुमच्या त्या निबंधाचं नाव घेतलं. 'ठेवीदार आधी गरजेपोटी येतो, भीतीपोटी नंतर', हे तुमचं वाक्य फलकावर मोठ्या अक्षरात लिहून लावलं होतं. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी मान हलवून नको म्हटलं. सगळ्यांना वाटलं, रडतेय. रडत नव्हते. ते वाक्य चूक आहे हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत आहे, आणि आता आपल्या दोघींतली मी एकटीच उरले आहे.

सभा संपल्यावर विभागप्रमुखांनी बाजूला घेतलं. स्मृतिअंक काढायचा आहे. त्यात तो निबंध जसाच्या तसा पुन्हा छापायचा आहे. त्याला दोन पानांची प्रस्तावना हवी आणि ती मी लिहायची, कारण 'मॅडमची शेवटची विद्यार्थिनी तू'. मुदत एक आठवडा.

तो आठवडा मी कसा काढला ते तुम्हाला सांगायचं आहे. दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

मी तुमच्याकडे आले तेव्हा आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली होते आणि ते कपाळावर लिहून फिरत होते. भवानी पेठेतली मुलगी, वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, हे मी स्वतःच आधी सांगून टाकायचे, म्हणजे दुसऱ्यांना शोधून काढायचं समाधान मिळायला नको. विभागात सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे. माझ्या तोंडून शाळेच्या सवयीनं 'बाई' गेलं. मी जीभ चावली. तुम्ही म्हणालात, "बाईच म्हण. मॅडम म्हटलं की मला साडीच्या दुकानात उभी असल्यासारखं वाटतं." त्या दिवशी तुम्ही मला आवडलात. दुसऱ्या दिवशी माझ्या पहिल्या टिपणावर तुम्ही लिहिलंत, 'इंग्रजी चांगलं आहे. म्हणायचं काय आहे?' तेव्हा आवडेनाशा झालात. मग पुढे दोन्ही चालू राहिलं.

तुमचा तो निबंध मला पाठ होता. बँक बुडायच्या आधी जे लोक पैसे काढायला धावतात, त्यांच्याबद्दल मोठमोठ्या विद्वानांनी लिहून ठेवलंय की एकाला पळताना बघून दुसरा पळतो, दुसऱ्याला बघून तिसरा, आणि त्या पळापळीत चांगली बँकसुद्धा खाली येते. जगातल्या मोठ्या आर्थिक संकटांची निम्मी गोष्ट ते अशीच सांगतात. तुम्ही पुण्यातल्या एका बुडालेल्या सहकारी बँकेचे ठेवीदार घरोघर जाऊन शोधलेत आणि त्या विद्वानांना उलट उत्तर दिलंत. पैसे काढण्यावर निर्बंध यायच्या आधीच्या पंधरवड्यात ज्यांनी पैसे काढले त्यांना म्हणे खरोखरच गरज होती. लग्न, आजारपण, शिक्षण, घराची दुरुस्ती. भीती आली ती निर्बंध जाहीर झाल्यावर. म्हणजे बँकांवर देखरेख करणाऱ्यांनी घाईनं तोंड उघडलं की तेच संकट तयार करतात. आमच्या माणसांना कळप म्हणू नका, असं तुम्ही बाहेरच्या लोकांना ठणकावलं होतंत. माझ्यासारखीला त्याचा किती अभिमान वाटला असेल ते तुम्हाला कधी कळलं नसेल. मी त्याच माणसांतली होते.

आणि चूक काढली तीही मीच.

ते जुने फॉर्म तुमच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात खोक्यांत पडून होते. तुम्ही म्हणालात, संगणकावर चढवून ठेव, नाहीतर वाळवी वाचेल. मी आठ दिवस तेच करत होते. एका रकान्यात पैसे काढल्याची तारीख, दुसऱ्यात कारण. 'मुलीचं लग्न.' 'भाचीचं लग्न.' 'घरात लग्न.' आधी हसू आलं, की एवढी लग्नं त्या पंधरवड्यात, आणि अब्बांना सांगायला हवं. मग तारखांकडे बघितलं. गणपती बसलेत, उठलेत, आणि त्यानंतरचे पंधरा दिवस. मी हातातलं काम ठेवलं.

आमच्या घरात त्या पंधरा दिवसांत क्लॅरिनेट पेटीतून निघत नाही. गणपतीत रात्रंदिवस वाजवायचं आणि नंतर एकदम शांतता. लग्नांचे हंगाम मला शाळेच्या वेळापत्रकाच्या आधी पाठ झाले, कारण दिवाळीचे कपडे त्यावर ठरायचे. आम्ही मुसलमान, पण पेठेतल्या कुठल्याही भटजीइतकं आम्हाला ते माहीत. पितृपक्षात लग्न नाही. सोनं नाही, बस्ता नाही, हॉल बघायला जाणं नाही. बँडची सुपारी द्यायलासुद्धा कोणी येत नाही.

तुम्हाला ते दिसलं नाही, कारण तुमच्या घरात तीन पिढ्या पंचांग नव्हतं आणि त्याचा तुम्हाला अभिमान होता. शिवाय तुमच्या हातात फॉर्म आलेच नव्हते, आकडे आले होते. फॉर्म भरणाऱ्या मुलांनी ऐकलं ते लिहिलं, दुसऱ्या कोणीतरी लग्न, आजार, शिक्षण सगळं एका खणात टाकून वर 'गरज' असं लिहिलं, आणि तुम्ही तो खण उचललात.

मी धायरीला तुमच्या घरी आले. स्वारगेटहून बसमध्ये उभी होते आणि वाक्य जुळवत होते. जुळवलेलं एकही उपयोगी पडलं नाही.

"बाई, पितृपक्षात लग्नं होतात का?"

"मला काय विचारतेस? भटजींना विचार."

"तुमच्या निबंधात झालीयेत."

तुम्ही चष्मा काढलात. मी फॉर्म पुढे ठेवले. तुम्ही एकेक बघितलात, परत पहिल्यावर आलात आणि म्हणालात, "पैसे आधी काढले असतील. लग्न नंतर असेल."

"त्या दिवसांत लग्नासाठी कोणी सुतळीचा तोडासुद्धा घेत नाही, बाई."

"लोक बदललेत आता."

"बँडवाल्यांना विचारा किती बदललेत ते."

"रुबीना, वीस वर्षं हा निबंध उभा आहे."

"उभा आहे, पण कशावर?"

हे मी बोलायला नको होतं. आवाज चढवून तर नकोच होतं. तुम्ही उठून दार उघडलंत, इतकंच. दीड महिना तुमचा फोन नाही, निरोप नाही. विभागात समोरून गेलात तर मान हलवायचात, ओळखीच्या दुकानदाराला हलवतात तशी. मी घरी सांगितलं की माझी पीएच.डी. बहुतेक संपली. अब्बा म्हणाले, "चूक दाखवली का चूक काढली? दोन्हीत फरक असतो." मला फरक कळला नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

मग एका दुपारी तुम्ही आमच्या दारात. भवानी पेठेत, हातात वही, एकट्या. अम्मीची धांदल उडाली. बसायला खुर्ची शोधेपर्यंत तुम्ही ढोलाच्या पेटीवर बसलात आणि अब्बांना म्हणालात, "मास्तर, मला तुमच्या धंद्याचं वर्ष समजावून सांगा. मी अडाणी आहे."

अब्बांनी तास घेतला. तुळशीच्या लग्नापासून सुरू करून कुठल्या महिन्यात काय वाजतं, कधी गावी जायचं, कधी बूट पॉलिश करून नुसतं बसायचं. तुम्ही लिहून घेत होतात. मग तुम्ही खरा प्रश्न विचारलात. "पण माणसं खोटं का सांगतील? पैसे त्यांचेच. नुसतं 'काढतोय' म्हणायचं."

अब्बा हसले. "बाई, बँकेचा साहेब गल्लीतलाच ना? त्याला तोंडावर कसं म्हणणार की तुमच्यावर भरवसा उरला नाही? माझंच बघा. दुसरा बँड स्वस्तात मिळाला की लोक सुपारी मोडायला येतात. एकानं तरी खरं सांगावं! म्हणतात, आत्या वारली. एका पार्टीच्या तर चार आत्या वारल्यात माझ्याकडे."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, फार वाईट झालं. दुसरं काय म्हणणार? पुढच्या वर्षी त्यांच्याच धाकट्याचं लग्न असतं."

तुम्ही इतक्या हसलात की अम्मी आतून बघायला आली. मी तुम्हाला तसं हसताना आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. जाताना जिन्यात थांबून म्हणालात, "चूक मान्य. वीस वर्षं मी लोकांच्या सभ्यपणाला गरज म्हणत आले." आणि दोन पायऱ्या उतरून, "पण तुझा निष्कर्ष चूक आहे."

तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं. ते मला आता सगळ्यात जास्त हवंय.

माझं म्हणणं सरळ होतं. पंधरा दिवस आधीच गल्लीला कळलं होतं. बँक आतून पोखरली आहे, हे देखरेख करणाऱ्या कार्यालयाच्या आधी शिंप्याला, किराणावाल्याला, शाळेतल्या शिपायाला माहीत होतं. त्यांनी लग्नांच्या नावाखाली आपापलं काढलं. मागे राहिले ते ज्यांचं गल्लीत कोणी नव्हतं. वाशीम-यवतमाळकडून कारखान्यात आलेले, भाड्यानं राहणारे, ज्यांच्या कानात सांगायला कोणी आलं नाही. मग अधिकाऱ्यांनी उशिरा का बोलायचं? लवकर बोला, सगळ्यांना एकाच वेळी सांगा.

तुम्ही म्हणायचात, "म्हणजे प्रत्येक कुजबुजीवर शिक्का मारायचा? एका अफवेनं धडधाकट बँक आडवी होईल. मग तुझ्या वाशीमच्या माणसाचं त्या बँकेतलंही जाईल." परदेशातली एक बँक लोकांनी मोबाइलवरून बघता बघता रिकामी केली, त्या दिवशी तुम्ही मला सकाळीच फोन केलात. नमस्कार नाही, काही नाही. "मोबाइलला कारण सांगावं लागत नाही, रुबीना. कळलं का तुला? तुझी ती खोटी लग्नं बँकेचा ब्रेक होती. साहेबासमोर उभं राहून लग्न जुळवायची लाज वाटते, म्हणून माणूस दोन दिवस थांबतो. त्या दोन दिवसांत बँक सावरू शकते. आता ती लाजच राहिली नाही. याचा विचार तुझ्या कुठल्या प्रकरणात आहे?"

कुठल्याच नव्हता. मी ते कबूल केलं नाही. म्हटलं, "ते दोन दिवस कोणाच्या जिवावर मिळतात, बाई? ज्यांना माहीत नाही त्यांच्याच ना?"

तुम्ही ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलंत. मग म्हणालात, "हे चांगलंय. हे लिही." आणि फोन ठेवलात.

दुरुस्ती दोघींनी मिळून लिहायची ठरलं. चूक कशी झाली ते तुम्ही लिहिणार, तारखा आणि तक्ते मी. माझा भाग झाला. तुमचा 'लिहितेय, डोक्यावर बसू नकोस' असा तीनदा झाला. मग छातीत दुखलं, आणि चौथ्या दिवशी तुम्ही नव्हतात. तुमच्या भाचीनं संगणक उघडून दिला, कपाटं दाखवली. आम्ही दोघींनी सगळं शोधलं. एक ओळही सापडली नाही. तुम्ही लिहिलंच नव्हतं की लिहून फाडलं, हे मला कधीच कळणार नाही. याचा राग येतो. तुम्ही गेल्याच्या दुःखात तो मिसळून गेलाय आणि वेगळा काढता येत नाही.

म्हणजे त्या आठवड्यात माझ्यापुढे एवढंच होतं. गप्प बसले तर निबंध पुन्हा छापला जाईल, आणखी वीस वर्षं शिकवला जाईल, आणि त्याच्या आधारावर कोणीतरी कुठेतरी ठरवेल की लोकांना इतक्यात सांगायला नको. बोलले तर तुमचं स्मारक तुमच्याच विद्यार्थिनीनं खणलं असं होईल. परवानगी देणारं माणूस तर गेलं होतं.

विभागप्रमुखांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे त्यांचं चांगलं. मग म्हणाले, "अगं, वेळ बघ जरा. माणूस जाऊन महिना झालेला नाही."

"सर, पुढच्या वर्षी लग्नं पितृपक्षात व्हायला लागणार आहेत का?"

"तू अगदी त्यांच्यासारखी बोलायला लागलीस."

"मग प्रस्तावना मीच लिहायला हरकत नाही."

ते म्हणाले, शेवटी एक टीप टाकू, बारीक अक्षरात. मी म्हटलं, निबंधाच्या आधी आणि त्याच अक्षरात. ते काही बोलले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत. पुण्यात याला होकार धरतात.

घरी अब्बांना मात्र पटत नव्हतं. "लोक म्हणतील, बाईंनी बँडवाल्याच्या पोरीला वर आणलं आणि पोरीनं हे केलं."

"म्हणू देत. चूक बँडवाल्याच्या पोरीलाच दिसली, हेही म्हणतील."

त्यावर अब्बांनी क्लॅरिनेटची पेटी पुसायला घेतली. थोड्या वेळानं म्हणाले, "बाई पेटीवर बसल्या होत्या, ते लिही." मी लिहिलं आहे. प्रोफेसर बाई आमच्या घरी येऊन ढोलाच्या पेटीवर बसल्या आणि 'मी अडाणी आहे' म्हणाल्या, हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे. चूक कबूल करायला त्या स्वतः जिना चढून आल्या, हे आपल्या क्षेत्रात किती जणांबद्दल लिहिता येईल ते तुम्हीच सांगितलं असतंत, आणि नावं घेऊन सांगितलं असतंत.

पण सगळ्यात अवघड गेलं ते तुमचं म्हणणं लिहिणं. ते खोडून काढायला तुम्ही नाहीत आणि सावरायलाही नाहीत, म्हणून मला ते तुमच्या ताकदीनं मांडावं लागलं. लाजेचा ब्रेक, अफवा, मोबाइल. तीन दिवस मी तुमच्या बाजूनं माझ्याशी भांडले आणि खरं सांगायचं तर दोनदा हरले. मी 'लवकर सांगा' म्हणत होते. तुम्ही 'कोणत्या कुजबुजीवर?' विचारत होतात, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. ते शोधता येईल असं मात्र वाटायला लागलंय. आपण लोकांना 'पैसे का काढले' असं विचारत होतो, म्हणून लोक सभ्यपणे खोटं बोलले. विचारायला हवं होतं, जायच्या आधी कोणाशी बोललात आणि कोणाशी बोलला नाहीत. खरी बातमी कुठल्या वाटेनं जाते आणि कुठे अडते ते त्यातून कळेल. अफवेची वाट वेगळी असेल, असा माझा अंदाज आहे. चूकही असेल. असली तर कोणीतरी दाखवेल.

प्रस्तावना देऊन टाकली. काल नवे फॉर्म घेऊन जुन्या पत्त्यांवर निघाले. बरीच घरं बदललीत. पहिलं माणूस भेटलं ते एक शिंपीकाका, त्याच दुकानात, त्याच मशीनवर. मी ओळख सांगितली, नाव द्यायचं बंधन नाही हेही सांगितलं.

"मागे आली होती मुलं विचारायला," ते म्हणाले. "मी काय सांगितलं होतं हो तेव्हा?"

"मुलीचं लग्न."

त्यांनी मशीन थांबवलं. "मला मुलगीच नाही. दोन मुलगे आहेत, दोन्ही घोडे बिनलग्नाचे."

आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी स्टुलावरचं कापड उचलून मला जागा करून दिली. बँकेतल्या शिपायाची बायको ब्लाउज शिवायला यायची. ती म्हणाली, काका, तुमचं काही असेल तर काढून घ्या. काका दुसऱ्याच दिवशी बँकेत गेले. "साहेबांना म्हटलं, मुलीचं लग्न आहे. ते म्हणाले, अभिनंदन. आता त्यांच्या घरचे सगळे कपडे मी शिवतो, मला मुलगी नाही हे त्यांना माहीत नसेल का?"

"आणि तुम्ही कोणाला सांगितलंत, काका?"

"मेव्हण्याला. समोरच्या डेअरीवाल्याला."

"कोणाला सांगायचं राहिलं?"

बाई, हा प्रश्न मी फॉर्मवर शेवटी टाकला होता आणि विचारताना मला भीती वाटत होती. ते टेप गळ्यातून काढून गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मागच्या खोलीत दोघं भाऊ राहायचे. कारखान्यात होते, वाशीमचे. त्यांचं खातं माझ्याच ओळखीच्या सहीवर उघडलेलं. त्यांना नाही सांगितलं. म्हटलं, पोरं आहेत, बोलतील चारचौघांत. नंतर ठेवींच्या विम्याचे पैसे मिळाले त्यांना, पण तोवर थोरल्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. खरं लग्न."

मी लिहीत होते. ते वाकून बघत होते.

"साहेबांचं नाव नको हं. सकाळी फिरायला भेटतात अजून."

"नाही लिहीत. तुमचंही लिहिलं नाही तरी चालतं, काका."

"माझं लिहा," ते म्हणाले. "पूर्ण लिहा."